बैलगाडीला टोल नाही

मला बैल म्हटल्याचं दुःख नाही. बैल ठरल्यावरही टोल माफ झाला नाही, याचं आहे.

मेहुण्यानं येरमाळ्याजवळच्या शेतावर कृषी पर्यटन काढलंय. त्यासाठी संभाजीनगरकडच्या एका बंद पडलेल्या रिसॉर्टमधून त्यानं साइड-बाय-साइड नावाची ऑफ-रोड गाडी उचलली. शेजारी शेजारी दोन सीटा, चार बटन टायर, डोक्यावर लोखंडी नळ्यांचा पिंजरा, बाकी देवाच्या भरवशावर. पिकअपवाल्याचं भाडं ऐकून मेहुणा म्हणाला, "दाजी, चालवतच नेऊ की. चौपदरी रस्ताय." नेऊ म्हणजे मी. त्याला धुळीची ॲलर्जी, म्हणून तो मागून एसी कारमध्ये.

ही गाडी चिखल तुडवायला आणि डोंगर चढायला केलेली असते. पक्क्या रस्त्यावर चालवू नका, असं बनवणारेच पुस्तकात छापतात. पुस्तक रिसॉर्टबरोबरच गेलं होतं. खड्डे गिळायला दिलेले लांबलचक शॉकअप हायवेच्या वळणावर गाडी अशी कलती करतात की आपण नकळत विरुद्ध बाजूला झुकून तिची समजूत काढू लागतो. टायरांचा आवाज ऐंशीच्या पुढं थेट दाढांत येतो. गिअर नाहीत, स्कूटीसारखा रबरी पट्टा असतो, आणि फुल रेसवर ताणून धरला की तो तापतो. मग जळका वास, मग सक्तीची विश्रांती. त्यामुळं पाचोडला थांबलो, शहागडला गोदावरीच्या पुलाआधी थांबलो, गेवराईला तर चहा नको असताना प्यायलो. पट्टा निवत होता, मी तापत होतो. फेब्रुवारी सरत आला होता. समोर काच नाही, त्यामुळं पुढच्या ट्रकमधला कापूस आणि ट्रॉलीतलं पाचट थेट हेल्मेटमध्ये येत होतं. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, पण स्पीकर मात्र गाव जागं करील असा. रात्री यांच्यावर आदळून माणसं मरतात. यांना कुणी अडवत नाही. अडवलं मला.

टोलनाका कोणता ते सांगत नाही. खिडकीत एक पोरगा होता. मी बसलेलो बुटका, तो उंचावर, त्यामुळं बोलणं देवळाच्या पायरीवरून चालावं तसं चाललं.

"फास्टॅग?"

"तो काचेवर लावतात. काचच नाही."

"नंबर?"

"नाही."

त्यानं बाहेर वाकून गाडी पाहिली. मग यादी पाहिली. "ही कशात धरू? कार-जीप-व्हॅन का अवजड बांधकाम यंत्र?" त्या दुसऱ्या रकान्यात जेसीबीची जात बसते आणि दर ऐकून पोटात गोळा येतो. मी म्हणालो, ट्रॅक्टर धरा. पोलारिस कंपनीनं 2020 मध्ये स्पोर्ट्समन 570 ही चारचाकी क्वाड बाईक आपल्याकडं चक्क शेतीचा ट्रॅक्टर म्हणून रस्त्यावर आणली होती, ही तिचीच चुलत बहीण. त्यानं शांतपणे विचारलं, "मग ट्रॉली कुठंय?"

एवढ्यात माझ्या शेजारच्या सीटवर कुणीतरी बसलं. धोतर, पांढरी टोपी, मांडीवर पिशवी. "येरमाळ्याला सोडा," आबा म्हणाले, आणि उत्तराची वाट न पाहता माझं वकीलपत्र घेतलं.

"लेकरा, बैलगाडीला टोल हाय का?"

"नाही, आबा." हे खरंच. राष्ट्रीय महामार्गाच्या 2008च्या नियमांत दुचाकी, तीनचाकी, ट्रॅक्टर, जनावरं ओढतात ती वाहनं यांना सूट आहे.

"मंग? याला दार हाय? काच हाय? टप हाय? नंबर हाय?"

"नाही."

"मंग बैलगाडीच झाली की!"

"आबा, बैल कुठंयत?"

आबांनी माझ्याकडं पाहिलं. घामानं चिकटलेला कापूस, भुवयांवर पाचट, तोंडावर काळ्या मातीचा थर. "ह्यो काय, बसलाय की. दुसरा मागं कारमधी हाय, त्याला गार हवा लागती."

पोरगा हसला. शेजारच्या खिडकीतला हसला. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवायचं सोडून खाली उतरला आणि त्याला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगण्यात आलं. बैलाच्या वाक्याला त्यांनी मला जरा हेल्मेट काढायला लावलं, म्हणजे नीट दिसावं. मीही हसलो. चार माणसांत दुसरं काय करणार? पण एवढी करमणूक झाल्यावर निदान फाटक उघडावं! उलट तोच पोरगा डोळे पुसत म्हणाला, "कारमध्ये धरतो. फास्टॅग नाही, यूपीआय केलं तर सव्वापट, रोख दिले तर दुप्पट." यूपीआयला रेंज नव्हती. दुप्पट दिले. तेवढ्यात बाजूच्या लेनमधून दोन ट्रॉल्यांचा ऊस गाणी वाजवत फुकट गेला.

मांजरसुंब्याच्या घाटात पट्ट्याचा वास पुन्हा आला. गाडी कडेला घेतली, तर आबा पिशवी घेऊन उतरले आणि मागच्या कारमध्ये जाऊन बसले. "इथं धूळ लई उडती," म्हणाले.

येरमाळ्याला पोचल्यावर मी मेहुण्यापुढं पावती धरली. त्यानं ती उलटीसुलटी पाहिली. "दाजी, यावर कार-जीप-व्हॅन लिहिलंय. कार तर मी चालवत होतो, माझा टोल फास्टॅगनं कापला. ही पावती माझी नाही." मग खांद्यावर हात ठेवून, "आणि मजा तर तुम्हीच केली."

पावती पाकिटात आहे. दिवाळीला तो घरी येणार आहे.