भाड्याने दिलेलं घर खरंच जातं का?

आधी सोसायटीच्या ग्रुपवर, मग नातेवाइकांच्या, मग शाळेच्या बॅचच्या, असा तोच मेसेज मला तीनदा आला: "मुंबईत दुसरं घर असेल तर कुलूप लावून ठेवा, भाड्याने देऊ नका. बारा वर्षं राहिला की भाडेकरू मालक होतो. करार संपला तरी तो निघत नाही, कोर्टात आयुष्य जातं. भाडं येतं चिमूटभर, घराची मात्र वाट लागते. आपलं घर रिकामं ठेवलं तर कोणाचं काय जातं?" पाठवणारी माणसं माझी आहेत, भल्या मनाची आहेत. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते.

बारा वर्षांचं आधी. १९६३ च्या मुदत कायद्यात (कोर्टात दावा किती वर्षांत करायचा, हे ठरवणारा कायदा) ती तरतूद आहे, पण मालकाचा हक्क झुगारून उघडपणे ताबा धरून बसलेल्यासाठी. तुमच्या परवानगीने, करार करून, दरमहा पैसे देऊन राहणारा बारा काय, वीस वर्षं राहिला तरी मालक होत नाही. उलट जिथे वर्षानुवर्षं कोणी फिरकत नाही, अशा बंद घरात घुसलेला माणूसच उद्या हा दावा करू शकतो.

"निघत नाही" ही भीती मात्र खोटी नाही, जुनी आहे. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. गिरगाव-लालबागच्या चाळींत पिढ्या बदलल्या, भाडं बदललं नाही. त्यातून सुटायला मालकांनी लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे भाडेकरूचा हक्क न देता ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देण्याचा रस्ता धरला, तर सरकारने दुरुस्ती करून १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या लायसन्सधारकांनाही भाडेकरू ठरवलं. आपल्या आई-वडिलांच्या मनात जे बसलं ते हे.

पण ३१ मार्च २००० पासून नवा भाडे नियंत्रण कायदा लागू आहे. त्याच्या कलम २४ नुसार लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली की घर सोडावंच लागतं. नाही सोडलं तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि मुदतीनंतरच्या दिवसांसाठी ठरल्या रकमेच्या दुप्पट भरपाई लागते. समोरच्याला बचाव करायलाही आधी परवानगी मागावी लागते. वेळ लागतो, हे मी नाकारत नाही. काही महिने जातात, कधी वर्ष उलटतं. पण पिढ्या जात नाहीत.

खरी चूक मालक करतात ती वेगळीच: अकरा महिन्यांचा कागद नोटरी करून आणतात आणि निर्धास्त होतात. याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मुदत कितीही असो, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं आधी ग्राह्य धरलं जातं. त्यामानाने नोंदणी स्वस्त आहे: साठ महिन्यांपर्यंतच्या कराराला ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क, वर एक हजार रुपये फी. आता तर एजंट घरी येऊन आधारवर अंगठा घेऊन जातो.

"घराची वाट लागते." माझ्या मावशीचं मुलुंड पूर्वेला वन रूम किचन आहे. ती मुलाकडे पुण्याला गेली आणि घर सात वर्षं बंद राहिलं. आम्ही दार उघडलं तर आत उभं राहवेना. नहाणीच्या जाळीखालचं पाणी सुकल्यामुळे गटाराचा वास आणि झुरळं थेट घरात. नळाचे वॉशर कडक झालेले, खिडकीचं ग्रिल हातात भुगा होऊन आलं. खालच्या काकू छताला पडलेला ओला डाग दाखवायला वर आल्या. दोन वर्षं आमचा फोन नंबर शोधत होत्या बिचाऱ्या. वापरणारा माणूस नळ गळला की दुसऱ्या दिवशी कळवतो. कुलूप काहीच कळवत नाही.

भाडं घराच्या किमतीच्या मानाने कमी येतं, हे खरं. पण किंमत वाढायची ती कुलपाने वाढत नाही, आणि मेंटेनन्स तर बंद घराचाही भरावाच लागतो. भाड्यावर आयकर लागतो, त्यातही तीस टक्के सरसकट वजावट मिळते. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी जे ना-भोगवटा शुल्क घेते, ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त लावता येत नाही.

राहिला शेवटचा प्रश्न, कोणाचं काय जातं. २०११ च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ४.८ लाख घरं रिकामी आढळली. त्यांत न विकलेली नवी घरंही होती, सगळी राहण्याजोगी नव्हती. पण त्याच जनगणनेत शहरातली चाळीस टक्क्यांहून जास्त माणसं झोपडपट्टीत राहत होती. इथे सरकारचंही चुकतंय, असं मला वाटतं. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. आत माणूस राहतो की कुलूप लटकतं, हे कोणी विचारत नाही. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहराने २०१७ पासून रिकाम्या घरांवर वेगळा कर लावला.

मावशीच्या घरात आता एक परिचारिका नवरा आणि मुलीसह राहते. आधी ती बदलापूरहून यायची. रात्रपाळी संपवून घरी पोहोचेपर्यंत मुलगी शाळेत गेलेली असायची. आता ती दहा मिनिटं चालत घरी येते आणि मुलीची वेणी स्वतः घालते.