‘रिफंड जास्त काढून देतो’ असा फलक लावला नाही तर क्लायंट येणार कुठनं? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

तुमच्या प्रतिक्रियेला दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की लोकांची आयकर रिटर्न भरून द्यायचं नवीन ऑफिस टाकणाऱ्यानं ‘जास्तीत जास्त रिफंड’ असले फलक लावू नयेत, दर पाडून गिऱ्हाईक ओढू नये, एखादा धंदा धरावा आणि त्यातली माणसं जोडावीत. त्यावर इचलकरंजीच्या या दादांचं म्हणणं असं की हे सगळं जम बसलेल्या माणसाचं बोलणं आहे, नवीन पोराकडं ना ओळखी ना भांडवल, शेजारचा नेट कॅफेवाला २०० रुपयांत रिटर्न भरतोय, रिफंड काढून देणाऱ्याकडं जुलैत रांग लागते, आणि गाळ्याचं भाडं तत्त्वांवर भरता येत नाही.

भाड्याचा मुद्दा खराच आहे, त्यावर पुढं येतो. पण आधी रिफंडचं बोलू, कारण तिथं माझं मत काही केल्या बदलणार नाही.

नोकरदार माणसाचा टीडीएस, म्हणजे पगार हातात यायच्या आधीच कापलेला कर, किती कापला आणि त्याला कुठल्या वजावटी खरोखर लागू आहेत, एवढ्यावरच रिफंड ठरतो. कोणाच्या लक्षात न आलेली एखादी वजावट आपण शोधून देऊ शकतो, ते आपलं कामच आहे, पण समजा एकाच शाळामास्तरांचा रिफंड एकाकडं १२,००० निघतो आणि दुसऱ्याकडं ५०,००० तर मधले पैसे आले कुठनं? न दिलेली देणगी ८०जी या देणगीच्या कलमात टाकली, कुठल्या तरी राजकीय पक्षाला पैसे दिले म्हणून ८०जीजीसी या कलमात टाकले, स्वतःच्या घरात राहून घरभाडं दाखवलं. पहिल्या वर्षी पैसे खात्यावर येतात, मास्तर खूश होऊन शाळेतला अख्खा स्टाफ घेऊन येतात, आणि हीच ती तुम्ही म्हणता ती रांग. १४ जुलै २०२५ ला आयकर खात्यानं देशभरात १५० ठिकाणी छापे टाकले ते असली रिटर्न भरून देणाऱ्यांच्या मागावर. त्याच वेळी खात्यानं हेही जाहीर केलं की आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी रिटर्न सुधारून १,०४५ कोटींचे खोटे दावे मागं घेतले. खोटी माहिती देऊन कर कमी दाखवला तर त्या कराच्या २०० टक्के दंड लागू शकतो, कर आणि व्याज वेगळंच. आणि हे भरायचं कोणी? रिटर्न मास्तरांच्या नावावर, पॅन त्यांचा, ओटीपी त्यांचा. भरून देणाऱ्याचा फोन तोवर लागत नसतो. दादा, आयुष्यभर पगाराची पै न पै जपणाऱ्या माणसाला अशा खड्ड्यात ढकलून मिळणारी फी मला नको आणि कुठल्याही नवीन पोरानंही ती घेऊ नये, भाडं थकलं तरी घेऊ नये.

आता २०० रुपयेवाला. त्याच्याशी दरात भांडू नका, तो जिंकणारच, कारण तो झेरॉक्स काढता काढता रिटर्न भरतोय. पण त्याच्याकडनं आलेला माणूस परत पाठवू नका. आयकराच्या पोर्टलवर लॉगिन करून त्या माणसासमोरच प्रोफाईल उघडा. बऱ्याच वेळा मोबाईल नंबर आणि ईमेल दोन्ही कॅफेवाल्याचे निघतात, म्हणजे खात्यानं कळवलेलं काहीही या माणसापर्यंत कधी पोचलेलंच नसतंय. तिथंच त्याचा स्वतःचा नंबर आणि ईमेल टाकून द्या, पासवर्ड त्याला लिहून द्या. मग मागच्या रिटर्नचं ई-व्हेरिफिकेशन झालंय का ते बघा, कारण भरल्यापासून ३० दिवसांत ते झालं नाही तर मुदतीत भरलेलं रिटर्नही उशिराचं ठरू शकतं, आणि केलंच नाही तर रिटर्न भरलंच नाही असं धरलं जातं. पावतीचा कागद फाईलला लावून माणूस निवांत बसलेला असतो. त्यानंतर एआयएस उघडा, म्हणजे खात्याकडं जमलेली त्याच्या वर्षभराच्या व्यवहारांची यादी, त्यात त्याच्या बँकांचं व्याज, शेअरचे व्यवहार, मोठी खरेदी काय काय दिसतंय ते त्याला वाचून दाखवा. या सगळ्याला अर्धा तास लागतो. या अर्ध्या तासात त्याला जे कळतं ते त्याला आजवर कोणी सांगितलेलं नसतंय, आणि पुढच्या वर्षी तो २०० रुपयांसाठी तुम्हाला सोडून जात नाही. जे जातात त्यांना जाऊ द्या.

ओळखींचं म्हणाल तर, ओळख असलेल्यालाच क्लायंट मिळतात हे मला मान्य नाही. क्लायंट मिळतो आणि त्यातनं ओळख वाढते, पण त्यासाठी त्याचा धंदा तुम्हाला त्याच्याइतका कळला पाहिजे. एक उदाहरण देतो. ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर असलेला एक माणूस माझ्याकडं आला होता, कॅरीबॅगेत कारखान्याची बिलं आणि पासबुक घेऊन. दुसऱ्या ट्रॅक्टरसाठी कर्ज हवं होतं, बँकेनं रिटर्न मागितली होती आणि यानं कधी भरलीच नव्हती. मी २६एएस, म्हणजे नावावर जमा झालेल्या टीडीएसचा खात्याकडचा उतारा, उघडलं तर दरवर्षी त्याच्या नावावर टीडीएस जमा होता. त्याला वाटायचं कारखान्यानं १ टक्का कापून घेतला म्हणजे कारखान्याकडंच राहिला, विषय संपला. मी स्क्रीन त्याच्याकडं फिरवली, वर्षावर वर्ष आकडे दाखवले, तो बराच वेळ काही बोलला नाही आणि मग विचारलं, हे माझं हाय?

त्याचंच होतं. पण गाठ अशी होती की बिल तोडणी आणि वाहतूक दोन्हीचं एकत्र, टीडीएस पूर्ण बिलावर, त्यामुळं २६एएस मध्ये दिसणारी रक्कम भलीमोठी, आणि त्यातला मोठा वाटा ऊस तोडणाऱ्या टोळीच्या मजुरीत आणि टोळीच्या मुकादमाला आगाऊ दिलेल्या उचलीत गेलेला. तो हिशेब वहीत नीट मांडला नाही तर ती सगळी रक्कम याचीच कमाई वाटते. कारखान्याकडनं घेतलेली उचल वेगळी, मुकादमाला दिलेली वेगळी, टोळी पळून गेली तर बुडालेले पैसे वेगळे, डिझेल आणि टायर वेगळे. ज्याला हे माहीत नाही तो रिटर्न भरताना एक तर आकडा ठोकून देतो नाही तर त्या माणसाला घाबरवून सोडतो. शिवाय मुदतीचं भान लागतं. उशिराचं रिटर्न ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतं, त्यानंतर अपडेटेड रिटर्न, म्हणजे मुदत गेल्यावर जादा कर देऊन भरायचं रिटर्न, भरता येतं पण ते रिफंड मागायला चालत नाही, मग उशीर माफ करावा म्हणून वेगळा अर्ज करावा लागतो. आणि पॅन-आधार लिंक नसेल तर १ टक्क्याच्या जागी २० टक्के कापले जातात, असेही ट्रॅक्टरवाले आहेत.

त्याचं काम झाल्यावर मी कुठं जाहिरात केली नाही. हंगामात कारखान्याच्या आवारात ट्रॅक्टर नंबरला लागलेले असतात, रात्र रात्र माणसं शेकोटीला बसून असतात, तिथं उसाचा दर, टोळ्या, डिझेल सगळं निघतं, तसं ‘माझा कापलेला पैसा परत आला’ हेही निघालं. आता त्या रांगेतली माणसं येतात आणि मला त्यांना पहिल्यापासून काही विचारावं लागत नाही, त्यांचे प्रश्न मला पाठ आहेत. रिफंड यातही आहेच की दादा, पण तो त्यांच्या घामाचा आहे, मी तयार केलेला नाही.

असे धंदे आपल्याकडं कोल्हापुरात काय कमी आहेत? उद्यमनगरातले लेथवाले, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फौंड्रीची जॉबची कामं करणारे, हुपरीचे चांदी कारागीर, गुजरीतले सोनार, मार्केट यार्डातले गुळाचे अडते. दूधवालेही आहेत, आणि तिथं तर फार मोठा गैरसमज आहे. शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून दर दहा दिवसांना येणारं दुधाचं बिलही लोक शेतीतच धरतात. दुधाचा धंदा आयकरात शेती धरला जात नाही, खर्च वजा जाता राहिलेला नफा धंद्याचं उत्पन्न म्हणून दाखवायचा. दोन म्हशीवाल्याला याचा काही फरक पडत नाही, पण मोठा गोठा असलेल्याला पडतो आणि त्याला हे सांगायला कोणी जात नाही. यातला कुठला तरी एकच धरा. सगळ्या कोल्हापूरला आपला नंबर कळावा म्हणून फ्लेक्स लावण्यापेक्षा एका गल्लीतल्या लोकांना आपण कोण ते पक्कं कळलेलं बरं.

आता भाडं. नुसत्या आयकर रिटर्नवर नवीन माणसाचं भाडं निघत नाही हे तुम्ही बरोबर बोललात, कारण ते काम वर्षातनं एकदाच येतं. दर महिन्याला पैसा देणारं काम म्हणजे हिशेब लिहिणं आणि जीएसटी. मासिक भरणाऱ्याचं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं रिटर्न, ११ तारखेला, आणि कर भरायचं ३बी २० तारखेला, त्यात खंड नसतो. कॉमर्सचा पदवीधर असाल तर जीएसटी प्रॅक्टिशनरची, म्हणजे दुसऱ्यांची जीएसटी रिटर्न भरून देणाऱ्याची, नोंदणी करा, परीक्षा असते ती पास व्हा, आणि शाहूपुरी, लक्ष्मीपुरीतल्या चार-पाच दुकानांचं महिन्याचं काम धरा. भाडं त्यातनं निघू द्या, म्हणजे जुलैत कोणी ‘एवढी एक देणगी टाका की’ म्हणालं तर नाही म्हणायची ताकद राहते. मला वाटतं बरीच पोरं वाईट मार्गाला लागतात ती लोभापेक्षा या भाड्याच्या काळजीनंच.

ही कामं मिळवायला कोणाकडं जायचं, तर आधी टॅली या सॉफ्टवेअरवर हिशेब लिहिणाऱ्या अकाउंटंट लोकांकडं. एकेक जण पाच-सहा दुकानांचा हिशेब लिहितो, पण रिटर्नची जबाबदारी त्याला नको असते. त्याचं दुकान त्याच्याकडंच राहू द्या, हिशेबाचं काम ओढून घेऊ नका, मग तो माणूस तुम्हाला वर्षानुवर्षं काम देतो. दुसरं, एखाद्या सीएंना भेटा. टॅक्स ऑडिटवर, म्हणजे आयकरासाठी धंद्याच्या हिशेबाची जी तपासणी करावी लागते तिच्यावर, सही सीएचीच लागते, तुमच्याकडं ऑडिटची केस आली तर ती त्यांच्याकडं न्या, आणि त्यांच्याकडची छोटी रिटर्न, ज्यांना वेळ देणं त्यांना जमत नाही, ती तुमच्याकडं येतील. फक्त कमिशनचं बोलू नका, बाहेरच्या माणसाबरोबर फी वाटून घेणं त्यांच्या नियमात बसत नाही.

आणि कर्जासाठी घाईत आलेल्या माणसाला खरं सांगा. ‘तीन वर्षांची रिटर्न उद्या द्या, उत्पन्न जरा वाढवून दाखवा’ असं म्हणत बरेच जण येतात. जुन्या वर्षांचं अपडेटेड रिटर्न भरता येतं, पण भरायच्या कर-व्याजावर जादा कर लागतो, पहिल्या वर्षात २५ टक्के, मग ५०, ६० आणि चौथ्या वर्षात ७०. हा हिशेब कागदावर मांडून दाखवा. निम्मे लोक उठून जातात, उरलेले निम्मे व्यवस्थित काम करून घेतात.

शेवटी तुमच्या इचलकरंजीचं, कारण तुम्ही लिहिलंय की आमच्याकडं नवीन काही करण्यासारखं उरलेलं नाही. दादा, तुमच्याकडं खर्चीवाले यंत्रमागधारक आहेत, दुसऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणारे, आणि त्यांची मजुरी व्यापाऱ्याकडं महिनोन्‌महिने अडकते. आयकर कायद्यातलं ४३बी(एच) हे कलम २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू झालं. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे वा सेवा देणाऱ्याचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले पाहिजेत, ती मुदत उलटली आणि वर्षही संपलं तर व्यापाऱ्याला तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षी धरता येतो. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नवीन आयकर कायद्यात कलमाचा नंबर बदलला, नियम राहिला. म्हणजे एका बाजूला खर्चीवाल्याला उद्यम नोंदणी पाहिजे, बिलावर तो नंबर पाहिजे, तारीखवार येणं पाहिजे. दुसऱ्या बाजूला व्यापाऱ्याला कोणाचे किती दिवस झाले याची यादी पाहिजे. दोघांनाही हे करून देणारा माणूस लागतोय. जुलैची वाट बघू नका, जानेवारी-फेब्रुवारीत जा, कारण ३१ मार्चच्या आत ती यादी हातात असली तरच व्यापाऱ्याला पैसे सोडायचं सुचतं. यादीचा नमुना हवा असेल तर सांगा, मी वापरतो तो पाठवतो.