इसवणाचं सार, पेटीतच तयार

बेळगावला समुद्र नाही, म्हणून मासळीचं वेड अंमळ जास्तच. शनिवारी पहाटे जांबोटी-चोर्ल्यावरून गोव्यात उतरायचं, रविवारी संध्याकाळी बर्फाच्या पेटीत इसवण (म्हणजे सुरमई) घेऊन घाट चढायचा, आणि घरी पेटी उघडावी तर आत गार सार.

उन्हाला शिव्या घालण्याआधी गणित करावं. आतून 60×40×40 सेंटिमीटरची, एक इंची थर्माकोलची पेटी. बाहेर 30 अंश, आत 0. सहा बाजूंनी मिळून साधारण 54 वॅट उष्णता आत शिरते, म्हणजे दिवसाला 14 किलो बर्फाचं पाणी. दहा किलोची लादी जेमतेम सतरा तास! जाडी दोन इंच केली तर 7 किलो, चार इंच केली तर साडेतीन. शिडाच्या होडीवरच्या बर्फपेटीला चार इंच फोम भरतात ते वेडे नव्हेत. आमची डिकी लहान, म्हणून दोन इंचांवर तह.

दुसरा थर बाहेरून. सांध्यावर सांधा येऊ देऊ नये, गवंडी विटा लावतो तसं. चिकटवायला चपलेचं रबर सोल्यूशन तर मुळीच नको, ते थर्माकोल खातं. पांढरा फेविकॉल लावावा आणि दोन दिवस वाळू द्यावा. तोवर ऐकावं लागतं: "मासं आणायला चाललाय काय माशांना घर बांधायलाय?"

थर्माकोलऐवजी दोन डब्यांच्या मधल्या फटीत पीयू (पॉलियुरेथेन) फोम ओतणारे शूर असतात. दोन द्रवं समसमान मिसळली की ती पंचवीस-तीसपट फुगतात. एकदम ओतलं की पेटीची पुरी होते, टम्म. थोडं थोडं, थरांनी ओतावं, आणि वर वाट मोकळी ठेवावी.

झाकण हा खरा चोर. कडेला रबरी पट्टी लावून दहाची नोट झाकणात धरा. ओढल्यावर सुळकन आली तर तिथूनच गारवाही जातोय. वितळलेलं पाणी काढायच्या तळाच्या नळीला यू वळण द्या, म्हणजे वळणात साठलेलं पाणी हवा अडवतं. मासे जाळीवर, पाण्यात नव्हे. मीठ टाकू नका: गारवा वाढतो, पण बर्फ लवकर संपतो. आणि आदल्या रात्री दोनेक किलो बर्फ ठेवून पेटी आधी गार करा, नाहीतर नवी लादी पेटीलाच गार करत बसते.

एवढं करूनही साखळीला चहा, चोर्ल्याला भजी, जांबोटीला पुन्हा चहा, आणि प्रत्येक थांब्याला मागच्या सीटवरून, "बर्फ आहे काय बघू की जरा!"