देठ तपासा, लघवी कशाला?

सव्वा वर्षाच्या पोरीला तीन दिवस ताप आहे; सर्दी नाही, खोकला नाही. घाबरू नका. दात येत असतील. दात नसतील तर नजर लागली असेल, मीठ-मोहऱ्या ओवाळून टाका. लघवी करताना रडली तर 'उन्हाळी लागली' म्हणा आणि सब्जा भिजत घाला. एवढ्या लहान वयात मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाचं कित्येकदा तापाशिवाय दुसरं लक्षणच नसतं म्हणे. असतील डॉक्टरांचे चोचले.

मग फ्रिज उघडा. लोणच्याच्या बरणीमागे मोठ्या भावाच्या खोकल्यातली अँटिबायोटिकची बाटली सापडेल. पावडरीत पाणी घातलं की ती आठवडा-दोन आठवडेच टिकते, पण ते बारीक अक्षरात छापलेलं असतं आणि बारीक अक्षरं आपण कर्जाच्या कागदावरही वाचत नाही.

बाटली रिकामी निघाली तर नाक्यावरचं मेडिकल आहेच. २०१४ पासून सेफिक्झिमसारखी अँटिबायोटिक औषधं सरकारच्या एच-वन यादीत आहेत. चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, डॉक्टरचं नि पेशंटचं नाव वेगळ्या वहीत लिहून ती वही ३ वर्षं जपायची. तुम्ही फक्त 'नेहमीचंच द्या भाऊ' म्हणा.

आता थोडं आतड्याविषयी. लघवीच्या वाटेत शिरणारा ई. कोलाय हा जंतू बहुधा पोराच्याच आतड्यातला असतो. खोकल्याला उगाच दिलेलं औषध तिथले नाजूक जंतू मारतं आणि दांडग्यांना मोकळं रान देतं. हा दांडगावा पुढे काही महिने टिकतो. शिवाय शेजारणीला विरजण द्यावं तशी हे जंतू एकमेकांना प्रतिकाराची जनुकं देतात. सहकार क्षेत्रात राहून आपण त्यांना नावं कशी ठेवायची?

माझा मामा दिंडोरीकडचा द्राक्ष बागाईतदार. डावणी या बुरशीच्या रोगावर एकच औषध लागोपाठ मारलं की बुरशीला सवय होते, हे तो झोपेतही सांगेल. फवारणीची वही ठेवतो. पानाच्या देठाच्या परीक्षणाचा रिपोर्ट आल्याशिवाय खताची गोणी फोडत नाही. २०१० मध्ये एका संजीवकाच्या अंशापायी युरोपात आपली द्राक्षं अडकली, तेव्हापासून 'रेसिड्यू' हा शब्द मामीलाही पाठ आहे. नातीच्या लघवीचं कल्चर, म्हणजे कोणता जंतू नि त्याला कोणतं औषध लागू पडतं याची तपासणी, म्हटलं तर मात्र मामा म्हणाला, "दोन-तीन दिवस कोण थांबणार?"

खरं तर थांबायचं नसतंच. पहिल्या डोसाआधी स्वच्छ नमुना घेतला की डॉक्टर औषध लगेच सुरू करू शकतात. रिपोर्ट आला की हवं तर बदलतात. पण हे मामाला सांगू नका, बिचाऱ्याच्या हातचं कारण जाईल.

पुढे नात नाशकात ॲडमिट झाली. रिपोर्टवर औषधांची उभी यादी, पुढे आर, आर, आर, म्हणजे जंतू दाद देत नाही. दाद देण्याचा 'एस' होता तो खाली, शिरेतून द्यायच्या इंजेक्शनांपुढे. किडनीला व्रण राहू नये म्हणून सगळी धावपळ. इवल्या हाताची शीर सापडेना, नर्स तिसऱ्यांदा टोचत होती. रडणं ऐकवेना म्हणून मामा बाहेर बाकावर येऊन बसला. तेवढ्यात मळ्यातून फोन आला.

"उद्या औषध बदलून मार रे," तो गड्याला म्हणाला. "तेच तेच नको."