‘होतं’ आलं की ‘हॅड’? कुणी सांगितलं?

‘बारा काळ विसरा, चार नियमांत फाडफाड इंग्लिश’ हा मेसेज आमच्या फॅमिली ग्रुपवर तीनदा आला, एकदा तर मामंजींनीच टाकला, तरी मी गप्प होते. पण मागच्या आठवड्यात भाची कोल्हापुरात राजारामपुरीत घरी आली, ती इथंच आयसीयूला नर्स आहे, आयल्ट्स ही इंग्लिशची परीक्षा देऊन परदेशात जायचं चाललंय, आणि तिनं ते चारी नियम वहीत उतरवून पाठ केलेले बघितले आणि माझं डोकंच फिरलं.

पहिला नियम म्हणे, मराठीत होता-होती-होतं आलं किंवा गोष्ट मागची असली की बिनधास्त हॅड लावा. सगळ्यात जास्त वाट लावणारा हाच. आपण म्हणतो, काल महाद्वार रोडला गेले होते. म्हणजे जाऊन आले, विषय संपला. इंग्लिशमध्ये त्याला साधं ‘आय वेन्ट’ बास. ‘आय हॅड गॉन’ म्हटलं की ऐकणारा पुढं काय झालं म्हणून थांबून राहतो, कारण हॅड असतं ते मागच्या गोष्टीच्याही आधीची गोष्ट सांगायला. मी स्टँडवर पोचले तोवर बस गेली होती, तिथं ‘द बस हॅड लेफ्ट’. पोचणं नंतरचं, बस जाणं आधीचं. बोलण्यात अशी दुसरी गोष्टच नसेल तर हॅड कशाला?

भाचीला म्हटलं, काम कुठं करतेस ते इंग्लिशमध्ये सांग. तर, “आय हॅड वर्क्ड इन आयसीयू फॉर थ्री इयर्स.” म्हटलं, अगं नोकरी सोडलीस काय? “नाही गं मावशी, आज नाइट आहे की मला! तीन वर्षं झाली ना, म्हणून हॅड लावलं.” आता हे परीक्षकाला कसं कळणार? काम अजून चालू आहे तर ‘आय हॅव बीन वर्किंग’ पाहिजे. आपण मराठीत ‘तीन वर्षं काम करते’ असं सरळ वर्तमानात बोलतो, म्हणूनच इथं आपली गाडी घसरते.

आणि ‘काळ चुकला तरी समोरच्याला समजतं’ हा चौथा नियम लिहिणाऱ्यानं एकदा ड्युटी बदलतानाचा वॉर्डातला हँडओव्हर ऐकावा. पेशंटला सकाळपासून उलट्या होतायत, हे ‘हॅज बीन व्हॉमिटिंग’. तिथं ‘हॅड व्हॉमिटेड’ म्हटलं तर पुढच्या शिफ्टची सिस्टर समजणार की आता थांबल्यात. परीक्षेचं म्हणाल तर आयल्ट्सचं स्पीकिंग 11 ते 14 मिनिटांचं, मार्क चार गोष्टींवर सारखे वाटलेले, त्यातली एक व्याकरण. म्हणजे पाव हिस्सा.

‘सगळीकडं आयएनजी लावा, फ्लुएन्ट वाटतं’ हा दुसरा. ‘आय अ‍ॅम नोइंग’, ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’. आपण तरी ‘मला दोन भाऊ असतायत’ म्हणतो का? 1999 साली निघालेल्या लाँगमन प्रकाशनाच्या मोठ्या इंग्लिश व्याकरणात 4 कोटी शब्दांचं खरंखुरं इंग्लिश तपासलंय, लोकांच्या गप्पासुद्धा धरून, आणि त्यात दहातली जवळजवळ नऊ क्रियापदं साध्या रूपातली आहेत, आयएनजी नाही की हॅव-हॅड नाही.

राहिला तिसरा, ‘इंग्रज स्वतः बारा काळ वापरत नाहीत’. हे अर्धं खरं आहे, मान्य करते. ‘विल हॅव बीन डूइंग’ असलं रूप क्वचितच कानावर पडतं, ते शेवटी शिकलं तरी चालेल. पण म्हणून रोज लागणारे पाच-सहा पण सोडून द्यायचे?

आता भाची ड्युटीवरनं आली की फोनवर दिवसातल्या पाच गोष्टी सांगते, साध्या भूतकाळात. काल चौथ्या वाक्यात हॅड आलं. मी टोकणारच होते, पण पूर्ण ऐकलं तर बरोबर होतं: “व्हेन द डॉक्टर केम, आय हॅड ऑलरेडी चेंज्ड द सलाइन.”