सातची तालीम आणि सातचाच कॉल

आठवड्याला किती तास काम करावं, हा वाद पुण्यात संपायचं नाव घेत नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये नारायण मूर्ती 70 तास म्हणाले, जानेवारी 2025 मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या सुब्रह्मण्यन यांनी आकडा 90 वर नेला. विरोधात बोलणारे लगेच युरोपचा दाखला देतात. जर्मनीत बसून तो तपासला तर अर्धाच खरा निघतो.

इथला कायदा दिवसाला 8 तास सांगतो. सहा महिन्यांची सरासरी 8 वर राहत असेल तर 10 पर्यंत मुभा देतो. दोन दिवसांच्या कामामध्ये सलग 11 तास विश्रांती लागते. यानं झोप वाचते, संध्याकाळ नाही. रात्री 8 ला कॉल संपवून सकाळी 9 ला हजर झालं तर मध्ये 13 तास जातात, कायद्याचं काहीच बिघडत नाही. खरा फरक वेगळ्या ठिकाणी आहे. ज्या कंपनीत कर्मचाऱ्यांनी निवडलेलं मंडळ असतं, तिथे कामाची वेळ कधी सुरू होणार आणि कधी संपणार, हे त्या मंडळाशी सहमती झाल्याशिवाय ठरत नाही.

आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याच्या हक्काचं विधेयक मांडलं. ते खासगी विधेयक आहे, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारानं मांडलेलं, आणि 1970 नंतर एकाही खासगी विधेयकाचा कायदा झालेला नाही. समजा झाला, तरी दुपारी 1 ते रात्री 10 अशी शिफ्ट ठरलेल्या हिंजवडीतल्या माणसाला त्याचा काय उपयोग? अमेरिकेतल्या टीमबरोबरचा सातचा कॉल त्याच्या कामाच्या वेळेतच येतो.

न्यूयॉर्कमध्ये सकाळचे 9:30 म्हणजे पुण्यात उन्हाळ्यात संध्याकाळचे 7 आणि नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रात्रीचे 8. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव रंगायला लागतो तेव्हाच स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी बैठकही सुरू होते. नाटकाच्या तालमीची वेळही साधारण हीच, कारण बाकीचे तेव्हाच मोकळे असतात. 1963 पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडकात भरत नाट्य मंदिरात दिवे सांभाळणारी, नेपथ्य उचलणारी कितीतरी मुलं पुढे इंजिनिअर होतात. त्यांचं नाटक सुटतं ते आठवड्याला 50 तास भरल्यामुळे नव्हे, रोज संध्याकाळचा एकच तास अडकल्यामुळे.

गंमत म्हणजे कोड लिहून देता येतो, तालीम लिहून देता येत नाही. तालमीला सगळी माणसं एका खोलीत लागतात. आपण नेमकं उलटं करतो: कोडसाठी सगळ्यांना एकत्र बसवतो आणि तालमीचं व्हॉट्सअ‍ॅपवर भागवतो.

सातचा कॉल बहुतेक वेळा गिऱ्हाइकाच्या हट्टामुळे नव्हे, कोड लिहिण्याच्या सवयींमुळे ठेवावा लागतो. त्याचं मूळ बऱ्याचदा टेस्टमध्ये, म्हणजे कोड नीट चालतो का हे आपोआप तपासणाऱ्या चाचण्यांमध्ये सापडतं. टेस्टना 40 मिनिटं लागत असतील तर माणूस दिवसातून एकदा-दोनदाच आपला कोड टीमच्या कोडमध्ये जोडायला पाठवतो. बदल साठत जाऊन 1200 ओळींचा होतो. तेवढं वाचायला कुणाला वेळ नसतो, रिव्ह्यू करणारा, म्हणजे तो बदल तपासणारा सहकारी, एक तर ‘ठीक आहे’ लिहून मोकळा होतो, नाही तर म्हणतो, “कॉलवर समजावून सांग.” (एआयनं ओळी स्वस्त केल्या, वाचणं केलं नाही. त्यामुळे ही गाठ आता आणखी घट्ट होते आहे.)

म्हणून सुरुवात टेस्टपासून. मर्जआधी, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये मिसळण्याआधी, धावणारा टेस्टचा संच 10 मिनिटांच्या आत बसवायचा. खऱ्या डेटाबेसला आणि नेटवर्कला हात घालणाऱ्या संथ टेस्ट वेगळ्या काढून रात्री चालवायच्या, उरलेल्या समांतर. इथे हमखास चूक होते: समांतर चालणाऱ्या दोन टेस्ट एकाच टेबलात लिहितात आणि अधूनमधून उगाच पडतात. मग हिरवं (म्हणजे पास) दिसेपर्यंत पुन्हा पुन्हा चालवायची सवय लागते आणि खरी चूकही त्यातून निसटते. प्रत्येक टेस्टनं आपला डेटा आपण तयार करायचा, दुसरीच्या भरवशावर राहायचं नाही.

बदल 300 ओळींच्या आत ठेवायचा. नावं बदलणं, फाइल हलवणं एका कमिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलाच्या एका नोंदीत. वागणूक बदलणं दुसऱ्यात. अर्धवट काम बंद ठेवलेल्या फ्लॅगमागे (कोडमधला चालू-बंद करायचा खटका) मर्ज करायचं, आणि फ्लॅग कधी काढायचा ती तारीख तिथेच लिहायची. पाच फ्लॅग साचले की 32 शक्यता होतात आणि त्या सगळ्या कुणीच तपासत नाही. प्रत्येक कमिट बिल्ड होत असेल, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्रॅम तयार होत असेल, तर 1000 कमिटमधून बिघडलेला कमिट गिट बायसेक्ट (दरवेळी यादी निम्मी करत शोधणारी कमांड) साधारण 10 पायऱ्यांत शोधतो. मधले कमिट बिल्डच होत नसतील तर ते वगळावे लागतात आणि हातात एका कमिटऐवजी संशयितांची यादी येते.

आणि साडेपाचला अमेरिकेतल्या टीमसाठी हस्तांतराची चिठ्ठी. बदल का केला. कोणता मार्ग सोडला आणि का. कोणती कमांड चालवली की काय दिसायला हवं. शेवटी प्रश्न, पण आपल्या निर्णयासकट: “उत्तर आलं नाही तर उद्या सकाळी जुना कॉलम तसाच ठेवून पुढे जाते.” नुसतंच “काय करू?” लिहिलं की अमेरिका झोपेतून उठेपर्यंत काम ठप्प होतं, आणि ते टाळायलाच तर सातचा कॉल ठेवला जातो. चिठ्ठीला लागतात 15 मिनिटं. सवय नसेल तर पहिले काही दिवस 40 लागतील.

कॉल पूर्ण बंद करा असं कुणी म्हणत नाही. नव्या डिझाइनवर भांडायला आणि प्रॉडक्शन (गिऱ्हाइकं वापरतात ती चालू यंत्रणा) कोसळल्यावर बोलावंच लागतं. पण आठवड्यातले दोन ठरलेले वार आणि ऑन-कॉलची (अडचण आली तर हजर राहायची) महिनाभर आधी लावलेली पाळी एवढं मिळालं, तर दिग्दर्शक त्याप्रमाणे तालमी लावू शकतो. रोज सात वाजता “आज जमेल का?” विचारत बसला तर एकांकिका उभी राहत नाही.

आता इकडची बाजू. जर्मनीत साडेपाचनंतर सहसा फोन वाजत नाही, हे खरं. पण स्वयंपाक, भांडी, इस्त्री आपल्याच हातची, दुकानं रविवारी बंद, म्हणून शनिवार खरेदीत जातो. आणि मराठी बोलणारे चार नट शोधले तर ते चार गावांत सापडतात. गणपतीतल्या नाटुकल्याच्या तालमी व्हिडिओ कॉलवर होतात. आवाज किंचित उशिरा पोचतो, त्यामुळे एकमेकांचं वाक्य तोडून बोलायचा प्रवेश तिथे बसवताच येत नाही. पाठांतर होतं, ब्लॉकिंग (रंगमंचावर कुणी कुठे उभं राहायचं, कसं हलायचं) प्रयोगाच्या दिवशी सकाळी, हॉल उघडल्यावर.