शॉक लागू नये म्हणून काय कराल?

शाळेच्या फिजिक्स लॅबमध्ये मुलांना शॉक लागू नये असं वाटतंय ना? मग आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घ्या. एकच, पण दोन शिपायांना उचलावा लागेल असा. डेडस्टॉकच्या वहीत नोंद भारदस्त दिसते. 230 व्होल्ट आत, 230 व्होल्टच बाहेर. आतली दोन वेटोळी एकमेकांना जोडलेली नसतात, म्हणून बाहेरची एखादी वायर हाताला लागली तरी करंटला जमिनीतून परतायची वाट मिळत नाही. (दोन्ही वायरी एकदम धरल्या तर बसायचा तो झटका बसतोच. मुलांना एका वेळी एकच वायर धरायची शिस्त लावा.)

आता बाराही टेबलांचे सॉकेट या एकावरच टाका. वायरमन म्हणेल, प्रत्येक टेबलाला वेगळा छोटा लावू. त्याचं ऐकू नका. पहिल्या टेबलावर एक वायर उपकरणाच्या पत्र्याला टेकली तर ना फ्यूज उडेल ना कोणाला पत्ता लागेल. काही महिन्यांनी शेजारच्या टेबलावर दुसरी वायर टेकेल. प्लगची अर्थिंगची जाड पिन तर केव्हाच मोडलेली असते. मग एक हात या पत्र्यावर, दुसरा त्या पत्र्यावर, मधे पोरगं आणि पूर्ण 230 व्होल्ट.

तरीही भीती वाटत असेल, तर बाहेरच्या बाजूचं एक टोक अर्थ करून टाका. अर्थिंग म्हटलं की इन्स्पेक्शनला कोणी पुढे विचारत नाही. तेवढ्यानं आयसोलेशन संपतं, ती गोष्ट वेगळी. शिवाय मेन बोर्डावरचा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (जाणाऱ्या-येणाऱ्या करंटमध्ये फरक दिसला की वीज तोडणारा स्विच) आता आंधळा झाला: गळती ट्रान्सफॉर्मरच्या बाहेरच्या वेटोळ्यातच फिरते, त्याला जाणारा आणि येणारा करंट सारखाच दिसतो.

बजेट नसेल तर कपाटातला डिमरस्टॅट (मूठ फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करायचा तो) काढा. त्यात वेटोळं एकच, म्हणजे आत-बाहेर थेट नातं. पण दिसायला तोही ट्रान्सफॉर्मरच.

आमच्या शाळेत तेवढाही खर्च नव्हता. बॅटरी एलिमिनेटरचा प्लग तुटला तेव्हा दोन उघड्या वायरी सॉकेटात खुपसून वर आगकाड्या ठोकल्या होत्या, गुलाची टोकं बाहेर ठेवून. प्रॅक्टिकल परीक्षा त्यावरच पार पडली.

आणि आरसीसीबीवरचं 'टेस्ट' बटण दर महिन्याला दाबा म्हणतात, ते कटाक्षानं टाळा. वीज गेली तर कॉम्प्युटरचे सर ओरडत येतील. नाही गेली, तर तो बिघडलाय असं लेखी कळवावं लागेल.